प्रायोगिक सॅटेलाइट इमेज वापरून आपल्या भागाचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला मेसेजमध्ये पुन्हा पुन्हा येतात, काही तर शब्द न शब्द तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. नवीन असाल तर वरून खाली वाचा. इमेज बघायची सवय असेल तर थेट ६ पासून सुरू केलं तरी चालेल, खरे घोळ तिथूनच पुढे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. प्रायोगिक सॅटेलाइट इमेज म्हणजे नक्की काय? टीव्हीवर बातम्यांमध्ये दाखवतात ती नाही का?

बातम्यांमध्ये दाखवतात ती बहुतेक वेळा ऑपरेशनल असते, म्हणजे ती चोवीस तास मिळेल, वेळेवर मिळेल आणि बिघडली तर कोणीतरी रात्री उठून दुरुस्त करेल, ही जबाबदारी कुठल्यातरी संस्थेने अंगावर घेतलेली असते. प्रायोगिक इमेजच्या मागे अशी कुठलीच हमी नसते. इमेज चांगली की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही हे आधी पक्कं करा, कारण कित्येकदा प्रायोगिक इमेज दिसायला रोजच्या इमेजपेक्षा खूप जास्त स्पष्ट असते आणि लोक तिथेच फसतात.

प्रायोगिक म्हणण्यामागची कारणंही वेगवेगळी असतात. कधी सॅटेलाइट नवा असतो आणि त्याची तपासणी चालू असते. कधी सॅटेलाइट जुनाच पण त्याच्या डेटातून काढलेलं प्रॉडक्ट नवं असतं, आणि कधी सॅटेलाइट मुळातच संशोधनासाठी सोडलेला असतो, रोजच्या अंदाजासाठी नाही. पहिल्यात आकडे हलतात, दुसऱ्यात अर्थ लावताना चूक होते, तिसऱ्यात एक दिवस डेटाच येत नाही (त्याचं उदाहरण १४ मध्ये आहे).

२. नवा सॅटेलाइट वर गेला, पहिला फोटो पण आला, मग लगेच वापरायला काय हरकत आहे?

पहिला फोटो येणं म्हणजे कॅमेरा चालू झाला एवढंच. त्यानंतर कॅलिब्रेशन बघावं लागतं, म्हणजे यंत्र २४० केल्विन म्हणतंय तेव्हा खरंच तेवढंच तापमान आहे का. मग नेव्हिगेशन बघावं लागतं, म्हणजे इमेजमधला किनारा नकाशावरच्या किनाऱ्यावर बसतोय का. दोन्ही गोष्टी महिनोन्‌महिने चालतात. जपानने हिमावारी-८ ऑक्टोबर २०१४ मध्ये सोडला आणि जुलै २०१५ ला ऑपरेशनल झाला. अमेरिकेचा गोज-१६ नोव्हेंबर २०१६ मध्ये गेला आणि १८ डिसेंबर २०१७ ला गोज-ईस्ट (म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडचा मुख्य सॅटेलाइट) म्हणून कामाला लागला, म्हणजे वर्षापेक्षा जास्त वेळ गेला.

गोज मालिकेतल्या डेटाला या काळात बीटा, प्रोव्हिजनल आणि फुल अशा पायऱ्या देतात. बीटा म्हणजे बघा पण आकड्यांवर भरवसा ठेवू नका. प्रोव्हिजनल म्हणजे बहुतेक ठीक आहे पण माहीत असलेल्या चुका शिल्लक आहेत. तुम्ही जिथून इमेज घेता तिथे ही पायरी लिहिलेली असते, ती वाचा. दहा सेकंद लागतात, आणि मला येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

३. जर भरवसा नाही तर फोरकास्टर प्रायोगिक इमेज बघतातच कशाला?

कारण आज जे काही ऑपरेशनल आहे ते सगळं कधीतरी प्रायोगिकच होतं. १ एप्रिल १९६० ला टिरॉस-१ गेला, तो फक्त ७८ दिवस चालला, पण वरून ढगांची रचना दिसते आणि ती अंदाजाला कामाची आहे हे त्याने दाखवून दिलं. १९६६ च्या डिसेंबरमध्ये एटीएस-१ या सॅटेलाइटवर अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ व्हर्नर सुओमींचा कॅमेरा गेला, आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो काढून ढग हलताना बघायची सुरुवात तिथे झाली. आज आपण जो लूप (एकामागोमाग एक चालवलेल्या इमेज) बघतो त्याची सुरुवात हीच.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. नवीन सॅटेलाइट ऑपरेशनल झाला त्या दिवशी फोरकास्टरला सोळा चॅनेल (वेगवेगळ्या तरंगलांबीत घेतलेल्या इमेज) पहिल्यांदा दिसले तर तो गोंधळणार, आणि नेमकं त्याच आठवड्यात वादळ आलं तर? म्हणून अमेरिकेत गोज-आर प्रूव्हिंग ग्राउंड नावाचा उपक्रम आधीच सुरू केला. त्यात जुन्या गोज-१४ ला २०१२ पासून काही काही काळ एक-एक मिनिटाच्या स्कॅनवर टाकून पुढे काय मिळणार आहे ते फोरकास्टरना आधीच दाखवलं. नासाचं हंट्सव्हिलचं स्पोर्ट केंद्र तर २००२ पासून हेच करतंय, संशोधनाचा डेटा स्थानिक अंदाज कार्यालयांपर्यंत न्यायचा आणि त्यांना तो खरंच उपयोगी पडतोय का हे त्यांनाच विचारायचं. २०१७ मध्ये हार्वे, इर्मा, मारिया ही चक्रीवादळं आली तेव्हा गोज-१६ च्या इमेजवर अजून 'प्राथमिक, नॉन-ऑपरेशनल' अशी पट्टी होती, तरी फोरकास्टर ती इमेज बघत होते, आणि वापरू शकले कारण सराव आधीच झालेला होता.

४. इमेजमध्ये गडद लाल म्हणजे तिथे जोराचा पाऊस, बरोबर?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगते.

इन्फ्रारेड इमेजमध्ये रंग पावसाचा नसतो, ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा असतो. जितका माथा थंड तितका तो उंच, आणि उंच माथा म्हणजे बरेचदा मोठा गडगडाटी ढग, म्हणून लोकांनी लाल म्हणजे पाऊस असं समीकरण करून टाकलंय. पण पातळ सिरसही (पिसासारखा उंचावरचा ढग) तितकाच उंच आणि जवळजवळ तितकाच थंड असू शकतो, आणि त्यातून जमिनीवर थेंबसुद्धा पडत नाही. मोठं वादळ विझून गेल्यावर त्याचा वरचा पसरलेला भाग, म्हणजे ॲन्व्हिल, तासन्‌तास लालच दिसत राहतो आणि खाली मात्र ऊन पडलेलं असतं. याच्या उलट डोंगरउतारावर अडकलेले बुटके ढग दिवसभर धो धो पाऊस देतात आणि इमेजमध्ये साधे करडे दिसतात, कारण त्यांचा माथा जिथे तापमान शून्य अंश होतं त्या उंचीपर्यंत तरी जातो की नाही अशी परिस्थिती असते.

आणि रंगांची पट्टी प्रत्येक साइटवर वेगळी असते. एकीकडचा लाल दुसरीकडे निळा असतो. रंग बघू नका, बाजूच्या पट्टीवर कर्सर नेऊन अंश बघा.

५. आरजीबी इमेज म्हणजे खरा रंगीत फोटो का?

नाही, एखादाच प्रकार खऱ्या रंगांच्या जवळ जातो. बाकी आरजीबीमध्ये तीन वेगवेगळे चॅनेल किंवा दोन चॅनेलमधला फरक घेऊन एकाला लाल, एकाला हिरवा, एकाला निळा रंग देतात आणि एकावर एक ठेवतात. डस्ट आरजीबीमध्ये धूळ गुलाबी-जांभळी दिसते ती धूळ गुलाबी असते म्हणून नाही, तर १२ आणि १०.८ मायक्रॉन (हे तरंगलांबीचं माप) या चॅनेलमधला फरक धुळीत उलटा होतो आणि तो फरक लाल रंगाला दिलेला असतो म्हणून.

म्हणून प्रत्येक आरजीबीचा तक्ता आधी समजून घ्या. आणि सगळे आरजीबी सगळ्या सॅटेलाइटवर बनत नाहीत हेही लक्षात ठेवा. इन्सॅट-३डी, ३डीआर आणि ३डीएस यांच्या इमेजरला सहा चॅनेल आहेत, गोज-१६ आणि हिमावारी-८ ला सोळा. डस्ट आरजीबीला ८.७ मायक्रॉनच्या आसपासचा चॅनेल लागतो तो इन्सॅटवर नाहीये, पण दिवसाचा आणि रात्रीचा मायक्रोफिजिक्स आरजीबी (ढग कशाचा बनलाय, थेंबांचा की बर्फाच्या कणांचा, ते दाखवणारा) इन्सॅटच्या चॅनेलवर बनवता येतो आणि तो खूप कामाचा आहे.

६. रात्रीचं धुकं सॅटेलाइटवर खरंच दिसतं का? मला तर इन्फ्रारेडमध्ये काहीच दिसत नाही.

साध्या इन्फ्रारेडमध्ये दिसणारच नाही, कारण धुक्याचा माथा आणि बाजूची जमीन यांचं तापमान जवळजवळ सारखंच असतं. इथे एक सुंदर भौतिकशास्त्र कामाला येतं. पाण्याचे बारीक थेंब ३.९ मायक्रॉनला जितकी उष्णता बाहेर टाकतात ती १०-११ मायक्रॉनच्या मानाने कमी असते, म्हणून त्याच धुक्याचं तापमान एका चॅनेलमध्ये थोडं कमी आणि दुसऱ्यात थोडं जास्त वाचलं जातं. जमिनीच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखे येतात. दोन्हींची वजाबाकी केली की धुकं आणि खालचे ढग उठून दिसतात. रात्रीच्या मायक्रोफिजिक्स आरजीबीमध्ये ते फिकट हिरवट-निळसर दिसतात.

आता अडचणी. पहिली आणि मोठी अडचण अशी की सॅटेलाइटला वरून फक्त माथा दिसतो, पायथा दिसत नाही, म्हणजे ढग जमिनीला टेकलाय की तीनशे मीटरवर तरंगतोय हे त्याला कळत नाही. एकदा पहाटे तीनच्या सुमारास एका खोऱ्यात मला तो हिरवट पट्टा एकदम ठसठशीत दिसला, फ्रेमगणिक वाढत होता, मी धुकं धुकं म्हणून खुश. तिथल्या निरीक्षकांना फोन केला.

"दादा, समोरचा विजेचा खांब दिसतोय का हो?"

"खांबच काय, ताई, पलीकडची टेकडीपण दिसतेय. वर मात्र सगळं झाकोळलंय."

धुकं नव्हतंच, स्ट्रॅटस (जमिनीपासून थोडा वर तरंगणारा थराचा ढग) होता. पट्टा खरा होता, मी लावलेला अर्थ चुकीचा होता. तेव्हापासून जमिनीवरची दृश्यता, तापमान आणि दवबिंदू यातला फरक, आणि वारा बघितल्याशिवाय मी त्या पट्ट्याला धुकं म्हणत नाही. फरक एक-दोन अंशांच्या आत, वारा जवळजवळ शांत, संध्याकाळी आकाश निरभ्र होतं, आणि मग पट्टा दिसला, तर गोष्ट वेगळी.

दुसरी अडचण, वर सिरस असेल तर खालचं सगळं लपतं. तिसरी, वाळवंटी वाळूसुद्धा ३.९ ला कमी उष्णता टाकते त्यामुळे तिथे धुक्यासारखा खोटा सिग्नल येतो. चौथी, अरुंद दरीतलं धुकं पिक्सेलपेक्षा लहान असलं तर विरून जातं. अशा वेळी ध्रुवीय (ध्रुवांवरून फेऱ्या मारणाऱ्या) सॅटेलाइटवरच्या व्हीआयआयआरएस यंत्राची ३७५ मीटरची इमेज मिळाली तर नशीब, पण ती त्या जागेची रात्रीतून थोड्याच वेळा मिळते. आणि पाचवी अडचण इतकी महत्त्वाची आहे की तिला वेगळा प्रश्न दिलाय.

७. धुक्याचं प्रॉडक्ट रात्रभर छान चाललं आणि नेमकं सकाळी सगळं धुकं गायब झालं. खरंच विरलं का?

बहुतेक नाही. ३.९ मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये जमिनीची उष्णता पण येते आणि सूर्याचा परावर्तित प्रकाशही येतो. सूर्य वर आला की परावर्तन वाढतं, फरकाचं चिन्हच उलटतं आणि रात्रीचा रंग पुसला जातो. धुकं जिथल्या तिथेच असतं, फक्त प्रॉडक्ट चालेनासं होतं. दुर्दैवाने लोकांना धुक्याची सगळ्यात जास्त गरज नेमकी याच तासाला असते. ऊन थोडं वर येईपर्यंत व्हिजिबलमध्येही (सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या साध्या इमेजमध्ये) नीट दिसत नाही, म्हणजे मधला अर्धा-पाऊण तास असा जातो की सॅटेलाइटवर तुम्हाला काहीच ठोस मिळत नाही, तेवढ्या वेळात फक्त जमिनीवरची निरीक्षणं बघा. व्हिजिबल चालू झालं की धुक्याच्या कडा बघा, ते बहुतेक कडेकडून आत आत विरत जातं आणि त्या कडांवरून किती वाजता मोकळं होईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

८. एक-एक मिनिटाच्या इमेजचं एवढं कौतुक का? दर १५-३० मिनिटांनी मिळते ती पुरत नाही का?

चक्रीवादळाची वाटचाल बघायला पुरते. गडगडाटी ढगाला पुरत नाही, कारण छोट्या कापसासारख्या ढगापासून विजा पडेपर्यंतचा प्रवास अर्ध्या तासात उरकू शकतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये सगळी गोष्ट होऊन जाते.

मी कशी बघते ते सांगते. दुपारची वेळ, व्हिजिबल चॅनेल, अर्धा किलोमीटरचं रिझोल्यूशन. एक वादळ विझत आलंय, त्याच्या पायथ्याकडून थंड हवा बाहेर पसरतेय, आणि तिच्या पुढच्या कडेवर बारीक बारीक ढगांची एक कमान दिसते, नखाच्या चंद्रकोरीसारखी. एका फ्रेममध्ये ती दिसतच नाही, पाच-सहा फ्रेम चालवल्या की हलताना दिसते. दुसऱ्या बाजूने समुद्रावरच्या वाऱ्याची अशीच एक रेषा आत येतेय. दोन्ही रेषा जिथे भेटणार तिथे आत्ता काहीही नाही, स्वच्छ ऊन आहे. मग भेटतात, आणि त्या बिंदूवरचा एक ढग शेजाऱ्यांपेक्षा वेगळा वागायला लागतो, त्याच्या कडा फुलकोबीसारख्या टणक होतात, सावली लांबते. आता इन्फ्रारेडवर या आणि त्याच्या माथ्याचं तापमान बघा, १५ मिनिटांत साधारण ८ अंश किंवा जास्त उतरत असेल तर हा ढग जोरात वाढतोय असं धरतात. हे सगळं रडारवर पावसाचे थेंब दिसायच्या आधी घडतं, आणि स्थानिक अंदाजात ती १५-३० मिनिटं फार मोलाची असतात.

पुढे वादळ मोठं झाल्यावर ओव्हरशूटिंग टॉप बघा, म्हणजे सपाट ॲन्व्हिलच्या वर डोकावणारा घुमट. तो काही मिनिटांत येतो आणि जातो. ३० मिनिटांच्या इमेजमध्ये तो दिसला तर योगायोग, एक मिनिटाच्या इमेजमध्ये तो किती वेळा उसळतो हेही मोजता येतं. गोजवरचा एबीआय हा कॅमेरा सुमारे १००० बाय १००० किलोमीटरचा तुकडा दर मिनिटाला टिपू शकतो. जिथे दोन सॅटेलाइट आळीपाळीने ३०-३० मिनिटांनी स्कॅन करतात तिथे १५ मिनिटांचा लूप बनतो, त्यात कमानी आणि रेषा दिसतात पण घुमट हातातून निसटतात.

९. इमेजमध्ये ढग बरोबर माझ्या डोक्यावर आहे, बाहेर बघितलं तर निरभ्र! इमेज चुकीची आहे का?

इमेज बरोबर आहे, जागा सरकलीये. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. भूस्थिर सॅटेलाइट (पृथ्वीबरोबर फिरून एकाच जागेच्या वर राहणारा) विषुववृत्तावर असतो आणि आपल्याकडे तिरकं बघतो, त्यामुळे उंच ढगाचा माथा त्याला ढगाच्या पलीकडच्या जमिनीवर टेकवलेला दिसतो. म्हणजे उत्तर गोलार्धात ढग साधारण उत्तरेकडे सरकलेला दिसतो आणि खरा ढग सॅटेलाइटच्या बाजूला असतो.

किती सरकतो ते ढगाच्या उंचीवर आणि किती तिरकं बघतोय त्यावर आहे. १२ किलोमीटर उंच माथा आणि सॅटेलाइट डोक्यावरच्या बिंदूपासून ४५ अंश कलता असेल तर सरकणं १२ किलोमीटर, ६० अंश कलता असेल तर सुमारे २१ किलोमीटर. बुटक्या ढगाला आणि धुक्याला हे जवळजवळ लागू नाही. म्हणून रडारचा पाऊस आणि सॅटेलाइटचा थंड माथा एकमेकांवर बसत नसतील तर आधी पॅरॅलॅक्स तपासा, मग यंत्राला दोष द्या. काही प्रॉडक्ट ही दुरुस्ती करून देतात, काही देत नाहीत, आणि विजांचं प्रॉडक्ट दुरुस्त केलेलं पण ढगांची इमेज न केलेली असं एकत्र दाखवलं की विजा ढगाच्या बाहेर पडताना दिसतात.

१०. सॅटेलाइटवरून वीज कुठे पडली ते कळतं का?

वीज चमकली हे कळतं, जमिनीवर कुठे पडली हे कळत नाही. गोज-१६ वरच्या जीएलएम यंत्राने भूस्थिर कक्षेतून विजा सतत टिपायला सुरुवात केली, युरोपच्या मेटिओसॅट-१२ वरही तसं यंत्र आहे. ही यंत्रं ढगाच्या माथ्यातून झिरपणारा प्रकाश बघतात, सेकंदाला शेकडो फ्रेम घेऊन. ढगातल्या ढगात चमकलेली आणि जमिनीवर उतरलेली, दोन्ही त्यांना सारख्याच. जीएलएमचा पिक्सेलही ८ किलोमीटर आणि त्याहून मोठा. शेतात उभा असलेला माणूस सुरक्षित आहे का याचं उत्तर यातून काढू नका, गडगडाट ऐकू आला म्हणजे आत जायचं.

अंदाजासाठी उपयोग वेगळा आहे. विजांची संख्या काही मिनिटांत एकदम उडी मारते तेव्हा ढगातला वर चढणारा हवेचा प्रवाह जोर धरत असतो, त्यामुळे गारा किंवा जोरदार वारा यायच्या आधी ही उडी बरेचदा दिसते. इन्सॅटवर असं यंत्र नाही, तिथे जमिनीवरच्या वीज-नेटवर्कचा डेटा इमेजवर टाकून बघावा लागतो.

११. बर्फ पडलाय की ढग आहे, कसं ओळखायचं?

लूप चालवा, बर्फ हलत नाही. लूप नसेल तर १.६ मायक्रॉनचा चॅनेल बघा, तिथे बर्फाची जमीन काळपट दिसते आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे. बर्फाच्या कणांचे उंच ढगही तिथे जरा काळपट दिसतात, तेव्हा तापमान बघून वेगळे करा.

१२. रात्रीच्या इमेजमध्ये शहरांचे दिवे दिसतात, मग वादळानंतर कुठे लाइट गेली ते त्यावरून सांगता येईल का?

कुठली इमेज आहे त्यावर आहे, आणि इथे चूक झाली तर ती गंभीर ठरते. जिओकलर नावाची जी लोकप्रिय इमेज आहे तिच्यातले रात्रीचे दिवे हे आधीच बनवून ठेवलेलं स्थिर चित्र असतं, वरून ढग त्याच वेळचे टाकतात. अख्खं शहर अंधारात गेलं तरी त्या इमेजमध्ये दिवे लखलखतच राहणार. मी लोकांना त्यावरून "आमच्याकडे लाइट आहे बघा" असं म्हणताना पाहिलंय.

खरे दिवे बघायचे तर व्हीआयआयआरएसचा डे-नाइट बॅंड बघा, सुओमी एनपीपी हा ध्रुवीय सॅटेलाइट २०११ मध्ये गेला तेव्हापासून तो मिळतोय. सुमारे ७५० मीटरचं रिझोल्यूशन, चांदण्यात ढगसुद्धा दिसतात. पण तो सतत मिळत नाही, मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्यांमध्ये मिळतो, आणि वर ढग असतील तर दिवे मंद होतात, पसरतात किंवा लपतात. आदल्या स्वच्छ रात्रीच्या इमेजशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

१३. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास मध्यरात्री इमेज बिघडते किंवा येतच नाही, कुणी बंद करतं का?

ग्रहणाचा काळ असतो तो. विषुवदिनाच्या आसपास काही आठवडे भूस्थिर सॅटेलाइट रोज त्याच्या मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त ७२ मिनिटांच्या आसपास. जुने सॅटेलाइट तेव्हा विजेअभावी इमेज घेणं थांबवायचे, नवे बॅटरीवर चालतात. पण सावलीत शिरायच्या आधी आणि नंतर सूर्य पृथ्वीच्या कडेशी, जवळपास कॅमेऱ्याच्या समोर असतो, त्यामुळे भटका प्रकाश आत शिरतो आणि ३.९ मायक्रॉनमध्ये डाग येतात. म्हणजे धुक्याच्या प्रॉडक्टवर (६ बघा) या दिवसांत मध्यरात्री खोटे पट्टे येऊ शकतात.

यंत्रातच दोष असेल तर हेच दिवस जास्त त्रासाचे. गोज-१७ मार्च २०१८ मध्ये गेला आणि चाचणीतच कळलं की त्याच्या कूलिंगमधली उष्णता वाहून नेणारी नळी नीट चालत नाही, त्यामुळे वर्षातल्या ठराविक दिवसांत रात्री काही इन्फ्रारेड चॅनेल तापून निकामी व्हायचे. तपासणीचा काळ कशासाठी असतो याचं (२ मधलं) याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. बिघाड कधी येणार याचं वेळापत्रक आधीच काढता येत होतं, म्हणून फोरकास्टरनी त्याच्यासोबत काम केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये गोज-१८ ने त्याची जागा घेतली.

१४. एखादा संशोधनाचा सॅटेलाइट छान डेटा देत असेल तर त्यावर रोजचं काम बसवायला काय हरकत आहे?

बसवा, पण तो नसेल त्या दिवशी काय करणार हे आधी ठरवून. क्विकस्कॅट जून १९९९ मध्ये गेला, समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजायचा, संशोधनासाठी होता पण अंदाजवाल्यांना इतका आवडला की रोजच्या कामात आला. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याचा अँटेना फिरायचा थांबला आणि तो डेटा संपला. पावसाचं मोजमाप करणारा टीआरएमएम १९९७ पासून २०१५ पर्यंत चालला, ठरलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त, पण तोही शेवटी थांबलाच. अशा यंत्रांचं कौतुक मनापासून आहे, त्यांनी खूप शिकवलं, म्हणूनच ती चालू आहेत तोपर्यंत त्यांच्याशेजारी दुसऱ्या स्रोताची सवय ठेवा.

१५. एका साइटवर पुढच्या तीन तासांची सॅटेलाइट इमेज दिसते. भविष्याची इमेज कशी काय?

ती इमेजच नाही. मॉडेलने पुढचं वातावरण काढलं आणि ते सॅटेलाइटला कसं दिसेल याचं गणित करून चित्र बनवलं, किंवा आधीच्या फ्रेम पुढे सरकवून किंवा एआयने पुढच्या फ्रेम तयार केल्या. दिसायला हुबेहूब. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालून लूप गुळगुळीत करणाऱ्या साइटही आहेत, तिथे १० मिनिटांचा डेटा एक मिनिटाचा वाटतो आणि ८ मधली कुठलीच गोष्ट त्यात खरी नसते.

मॉडेलची सिम्युलेटेड इमेज मात्र एका कामाला मी रोज वापरते. सकाळी आठची मॉडेलची इमेज आणि आठची खरी इमेज शेजारी ठेवते. मॉडेलने ढग जिथे दाखवलेत तिथे ते असतील तर त्याच्या दुपारच्या अंदाजाला वजन देते. सकाळीच दोघं वेगळ्या वाटेला असतील तर त्या दिवशी दुपारसाठी मॉडेल बाजूला ठेवून लूप आणि रडारवर काम करते.

१६. प्रायोगिक इमेजमध्ये मला काहीतरी भयंकर दिसलं, लोकांना सावध करायला ग्रुपवर टाकू का?

इशारा म्हणून टाकू नका. इशारा द्यायचं काम अधिकृत हवामान खात्याचं, आणि त्यांच्याकडेही प्रायोगिक प्रॉडक्ट एकटं बघून इशारा काढत नाहीत, रडार, जमिनीवरची निरीक्षणं आणि मॉडेल यांच्यासोबत ठेवूनच बघतात. इमेज शेअर करायचीच असेल तर सॅटेलाइटचं नाव, चॅनेल किंवा प्रॉडक्टचं नाव, 'प्रायोगिक' हा शब्द आणि इमेजची वेळ हे सगळं चित्रावरच लिहा, खाली मजकुरात नको, कारण फॉरवर्ड होताना मजकूर गळतो आणि चित्र उरतं. वेळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) आहे की स्थानिक हे लिहा. जुनं चित्र आत्ताचं म्हणून फिरलं तर माणसं चुकीच्या वेळी घराबाहेर पडतात किंवा चुकीच्या वेळी निर्धास्त होतात.

१७. एखादं प्रॉडक्ट माझ्या भागात सारखं चुकतंय. कोणाला सांगायचं, आणि सांगून काही होतं का?

होतं. प्रूव्हिंग ग्राउंडसारख्या उपक्रमांत फोरकास्टरकडून अभिप्राय घेणं हा कामाचाच भाग असतो, आणि त्यावरून प्रॉडक्टचे रंग, थ्रेशोल्ड आणि प्रशिक्षण बदललं जातं. फक्त "चुकतं" असं कळवून उपयोग नाही. तारीख, यूटीसी वेळ, अक्षांश-रेखांश, प्रॉडक्टने काय दाखवलं, जमिनीवर काय होतं आणि ते तुम्हाला कसं कळलं, एवढं लिहा. बरोबर आलं तेव्हाचीही नोंद ठेवा, नाहीतर चुका किती टक्के हे काढताच येत नाही.

माझ्या वहीत त्या खोऱ्याच्या (६ मधल्या) धुक्याच्या पट्ट्याच्या तीन हिवाळ्यांच्या नोंदी आहेत. त्यातून एक गोष्ट दिसली की संध्याकाळी पाऊस थांबून आकाश मोकळं झालं असेल त्या रात्रीचा पट्टा बहुतेक धुकं निघतो, आणि पट्टा बाहेरून वाऱ्याबरोबर सरकत खोऱ्यात आला असेल तर तो वर तरंगणारा ढग निघतो. आता मी पट्टा दिसला की आधी लूप मागे नेऊन तो जागेवरच उगवला का बाहेरून आला ते बघते, आणि मग दादांना फोन करते.